प्रथिन कधी बनवायचं? : जिवाणूंचा हिशेब आणि वऱ्हाडची वावरं



मी सूक्ष्मजीवशास्त्राचा शिक्षक. जिवाणू म्हटलं की लोक रोगांबद्दल विचारतात, आणि ते स्वाभाविकच आहे. कॉलरा, क्षय, टायफॉइड यांनी घरंच्या घरं रिकामी केली आहेत. पण आज मी रोगांबद्दल बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते जिवाणूच्या एका गुणाबद्दल. भोवतालचं अन्न बदललं, तापमान बदललं, हवा कमी झाली, तर आपल्या पेशीत आता कोणतं प्रथिन बनवायचं, किती बनवायचं आणि कोणतं ताबडतोब थांबवायचं, याचा निर्णय तो मिनिटांत घेतो. त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. एक पेशी, तीही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी.

हा विषय प्रयोगशाळेपुरता आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. आपल्या चांदूर रेल्वे तालुक्यात सोयाबीन आहे, तूर आहे, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आहे. सोयाबीन-तुरीच्या मुळावरच्या गाठींत जिवाणू नत्र बांधतात. पऱ्हाटीच्या प्रत्येक पानात जिवाणूकडून घेतलेलं एक प्रथिन आहे. माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं : जिवाणूची प्रथिनं आपण वापरायला घेतली, पण ती कधी आणि किती बनवायची हे त्याचं शहाणपण घेतलं नाही. गेल्या काही वर्षांत गुलाबी बोंडअळीने आपलं जे केलं, त्याचा निदान एक धागा इथे सापडतो. तो दाखवायचा तर थोडं दुरून यावं लागेल.

सुरुवात पॅरिसपासून करू. साल १९४१. शहर जर्मनांच्या ताब्यात. सोर्बोनमध्ये जॅक मोनो नावाचा तरुण संशोधक एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे आपण सगळे ज्याला ई. कोलाय म्हणतो तो आतड्यातला जिवाणू, वाढवत होता. त्याने नळीत दोन साखरा एकत्र घातल्या आणि जिवाणूंची वाढ मोजत गेला. ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिल्यावर आलेख चमत्कारिक आला. आधी वाढ झपाट्याने झाली, मग ती थांबली, आणि काही वेळाने पुन्हा सुरू झाली. जिवाणू दोन्ही साखरा एकदम खात नव्हते. आधी ग्लुकोज संपवलं, मग थबकले, आणि त्यानंतर लॅक्टोज खायला लागले.

तो मधला थांबा हा आजच्या माझ्या विषयाचा गाभा आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती फोडायला बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं विकर लागतं. ते विकर प्रथिनच. त्याची एकेक साखळी हजाराहून थोड्या जास्त अमिनो आम्लांची, आणि अशा चार साखळ्या एकत्र आल्या की एक विकर तयार. ग्लुकोज असताना ई. कोलाय हे विकर जवळजवळ बनवतच नाही. एका पेशीत मोजके रेणू असतात. ग्लुकोज संपून फक्त लॅक्टोज उरलं की तेच प्रमाण सुमारे हजारपट होतं. थांब्याच्या काळात जिवाणू ही नवी सामग्री बनवत होते.

युद्धात मोनो भूमिगत चळवळीत होते. युद्धानंतर पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब यांच्याबरोबर त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९६१ साली उत्तर मांडलं. जनुकाच्या अलीकडे डीएनएवर एक जागा असते. तिथे एक रोधक प्रथिन बसलेलं असतं आणि ते वाचन अडवतं. लॅक्टोजपासून तयार झालेला एक रेणू त्या रोधकाला चिकटला की तो डीएनए सोडतो आणि जनुक वाचलं जायला लागतं. ग्लुकोज असेल तर लॅक्टोजला पेशीत शिरूच दिलं जात नाही, म्हणून रोधक जागचा हलत नाही. १९६५ साली जाकोब, मोनो आणि आंद्रे ल्वोफ यांना नोबेल मिळालं. जनुकांचं नियमन हा शब्दप्रयोग आज शाळेच्या पुस्तकात आहे, त्याचं मूळ त्या नळीतल्या थांब्यात आहे.

आता विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारायला हवा. एवढी काटकसर कशाला? एक विकर जास्तीचं बनवून ठेवलं तर काय बिघडलं?

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन; प्रथिनात एक अमिनो आम्ल जोडायला चार एटीपीइतकी ऊर्जा जाते. ई. कोलायच्या एका पेशीत वीस-तीस लाख प्रथिन-रेणू असतात. म्हणजे पेशीचा सगळ्यात मोठा खर्च प्रथिनं बनवण्यावर. आणि खर्च फक्त ऊर्जेचा नाही. प्रथिनं बनवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. ते एका वेळी एकच साखळी विणतं. निरुपयोगी प्रथिनात अडकलेलं रायबोसोम कामाच्या प्रथिनाला मिळत नाही. हंगामात जिनिंगच्या मालकाला विचारा : एक रेचा बिनकामाचा चालत राहिला तर मजुरी, वीज आणि वेळ तिन्ही जातात. जिवाणूचं तसंच आहे, फरक इतकाच की शेजारचा जिवाणू जरा जास्त काटकसरी निघाला तर काही दिवसांत सगळी जागा त्याच्या वंशाची होते. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत एरेझ डेकेल आणि उरी अलोन यांनी हे करून पाहिलं आणि २००५ साली प्रसिद्ध केलं. वेगवेगळ्या प्रमाणात लॅक्टोज असलेल्या नळ्यांत त्यांनी ई. कोलाय पिढ्यान्‌पिढ्या वाढवला. काही शे पिढ्यांत प्रत्येक नळीतले जिवाणू त्या-त्या लॅक्टोजच्या मानाने नेमकं फायद्याचं ठरेल एवढंच विकर बनवायला लागले. जिथे लॅक्टोज नव्हतंच, तिथे ते बनवण्याची सवयच गेली.

लॅक्टोजची गोष्ट एका विकराची झाली. माझ्या मते त्याहून खोल गोष्ट कोपनहेगनमध्ये १९५८ साली घडली, आणि तिची पुस्तकांत पुरेशी दखल घेतली जात नाही. मोसेलियो शेक्टर, ओले मालो आणि नील्स ओले केलगार्ड यांनी साल्मोनेला जिवाणू वीसेक प्रकारच्या वेगवेगळ्या अन्नात वाढवला. कुठे मांसरस, कुठे नुसती साखर आणि क्षार. त्यांना दिसलं की पेशी किती मोठी आहे, तिच्यात आरएनए किती आहे, हे अन्न कोणतं दिलं यावर अवलंबून नाही. ते अवलंबून आहे वाढीच्या वेगावर. दोन अगदी वेगळ्या अन्नांनी तोच वेग दिला तर पेशीही सारखीच.

आरएनएचा बहुतेक भाग रायबोसोममध्ये असतो. म्हणजे या मोजणीचा अर्थ असा की पेशी जितकी वेगाने वाढते तितका तिचा जास्त हिस्सा रायबोसोमला जातो. हळू वाढणाऱ्या ई. कोलायमध्ये सहा-सात हजार रायबोसोम. वेगाने वाढणाऱ्यात सत्तर हजारांच्या आसपास. कोरड्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा नुसती प्रथिनं बनवणारी यंत्रं. यात एक गमतीशीर गणित आहे आणि ते विद्यार्थ्यांनी कागदावर करून पाहावं. एका रायबोसोममधल्या सगळ्या प्रथिनांची मिळून सात हजारांहून थोडी जास्त अमिनो आम्लं होतात. रायबोसोम भरवेगात सेकंदाला वीसेक अमिनो आम्लं जोडतं. म्हणजे एका रायबोसोमला फक्त दुसरं रायबोसोम बनवायचं ठरवलं तरी सहा मिनिटं लागतात. ई. कोलाय उत्तम अन्नात वीस मिनिटांत दुप्पट होतो. सहा मिनिटांपर्यंत कुणी पोचूच शकत नाही, कारण रायबोसोमखेरीज बाकीची प्रथिनंही बनवावी लागतात.

कोपनहेगनच्याच मंडळींनी पुढे अन्न मध्येच बदलून पाहिलं. गरीब अन्नातले जिवाणू एकदम समृद्ध अन्नात टाकले. आरएनएचं उत्पादन लगेच वाढलं. प्रथिनं त्यामागून वाढली, डीएनए आणखी मागून. पेशी दुभंगण्याचा वेग मात्र सुमारे ७० मिनिटं जुनाच राहिला, आणि मग बदलला. सुबत्ता आली की जिवाणू आधी प्रथिनं विणणारी यंत्रं वाढवतो, आणि संख्या वाढवायला सगळ्यात शेवटी हात घालतो. हा क्रम मला अतिशय सुंदर वाटतो. पन्नास वर्षांनंतर, २०१० साली, मॅथ्यू स्कॉट, टेरेन्स ह्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोजणीला साध्या समीकरणांचं रूप दिलं. पेशीची एकूण प्रथिनक्षमता ठरलेली. रायबोसोमला जास्त द्यायचं तर अन्न फोडणाऱ्या विकरांना कमी द्यावं लागतं. जबरदस्तीने एखादं बिनकामाचं प्रथिन बनवायला लावलं तर वाढ त्याच प्रमाणात मंदावते.

उलटी परिस्थिती, म्हणजे अन्न अचानक संपणं, हीदेखील तितकीच महत्त्वाची. वऱ्हाडाला ती समजावून सांगायची गरज नाही. १९६९ साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना अमिनो आम्लांविना उपाशी ठेवलेल्या ई. कोलायमधले रेणू वेगळे करून पाहताना दोन अनोळखी ठिपके दिसले. त्यांना त्यांनी जादूचे ठिपके म्हटलं. त्यातला एक पीपीजीपीपी नावाचा छोटा रेणू होता. रायबोसोमपाशी अमिनो आम्ल न आणलेला, रिकाम्या हाताने आलेला वाहक आरएनए पोचला की तिथलं एक विकर ते ओळखतं आणि काही सेकंदांत हा रेणू बनवायला लागतं. मग नवी रायबोसोम बनवणं थांबतं, आणि तगून राहायला लागणाऱ्या प्रथिनांकडे वाचन वळतं. उपासमारीची बातमी रायबोसोमपाशीच कळते, जिथे माल खपतो तिथेच. वरून कुणी आदेश देत नाही.

आपल्याकडच्या उन्हाचंही एक उदाहरण घेतो. एप्रिल-मेमध्ये अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उघड्यावरच्या पाण्यातल्या, वरच्या मातीतल्या जिवाणूंना हे सोसावं लागतं. उष्णतेने प्रथिनांची घडी उसवते. ती एकमेकांत गुंतून निकामी होतात. यावर जिवाणूकडे तोड आहे : उसवलेल्या प्रथिनांना पुन्हा घडीत बसवणारी मदतनीस प्रथिनं. ती उष्णता वाढताच काही मिनिटांत भराभर बनतात. त्यांचं जनुक वाचायला सिग्मा-३२ नावाचा घटक लागतो. एरवी हा घटक जेमतेम मिनिटभर टिकतो, कारण एक मदतनीस त्याला धरून विल्हेवाट लावणाऱ्या विकराच्या स्वाधीन करतो. उष्णता वाढली की मदतनीस उसवलेल्या प्रथिनांच्या मागे लागतात, आणि सिग्मा-३२ सुटतो. शिवाय सिग्मा-३२ बनवायचा संदेश असलेला आरएनए थंडीत स्वतःभोवती दुमडून असतो आणि गरमीत ती दुमड उलगडते. रायबोसोमला तो तेव्हाच वाचता येतो. ताकाशी युरा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हे दाखवलं. तापमापक वेगळा ठेवावा लागत नाही, संदेशाचा कागदच तापमापक. घडी बसवायचं काम संपलं की मदतनीस मोकळे होतात, सिग्मा-३२ पुन्हा पकडला जातो, आणि उत्पादन आपोआप उतरतं.

इथून आपण वावरात येऊ.

सोयाबीनचं रोप पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी मुळासकट उपटा. हिसका देऊ नका, गाठी तुटून मातीत राहतात. कुदळीने हळू काढा, पाण्यात धुवा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी असेल तर अजून तयार नाही किंवा कामाची नाही. हिरवट झाली असेल तर तिचं काम संपलं. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या नातलगाचा आहे, आणि तो सोयाबीनचं रोप बनवतं. गाठीतला जिवाणू ब्रॅडीरायझोबियम. हवेतल्या नत्राचं अमोनियात रूपांतर करणारं नायट्रोजिनेज हे विकर तो बनवतो.

नायट्रोजिनेज हे अत्यंत खर्चिक आणि अत्यंत नाजूक विकर आहे. नत्राचा एक रेणू फोडायला सोळा एटीपी, आणि प्राणवायू लागला की विकर कायमचं निकामी. म्हणून ब्रॅडीरायझोबियम मातीत असताना ते बनवतच नाही. मातीत हवा खेळती असते, बनवलं तर वाया जाईल. गाठीत प्राणवायूचं प्रमाण अगदी खाली येतं. तो लाल पदार्थ प्राणवायूला धरून ठेवतो आणि मोजून देतो. जिवाणूत फिक्स-एल नावाचं प्रथिन आहे, त्यातही लोहाचा तोच लाल गाभा. प्राणवायू त्याला चिकटलेला असेतो ते गप्प असतं. प्राणवायू सुटला की ते साखळी सुरू करतं आणि शेवटी नायट्रोजिनेजची जनुकं वाचली जातात.

त्याच्याही आधीची पायरी आहे. गाठ कुठे करायची हे जिवाणूला कसं कळतं? सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन, डायड्झीन अशी रसायनं मातीत सोडतं. जिवाणूचं एक प्रथिन ती ओळखतं आणि तेव्हाच गाठीला आमंत्रण देणारा रेणू बनवण्याची जनुकं उघडतं. गव्हाच्या मुळाजवळ हा जिवाणू हे काही बनवत नाही. आणि रोपाच्या बाजूनेही हिशेब आहे. मातीत नायट्रेट भरपूर असेल तर सोयाबीन गाठी कमी करतं, कारण जिवाणूला साखर पोसण्यापेक्षा तयार नत्र उचलणं स्वस्त. सोयाबीनवर युरियाचा जादा हात मारणारे शेतकरी बांधव इथे आहेत, मला ठाऊक आहे. पीक हिरवंगार दिसतं, हेही खरं. पण ज्या कामासाठी तुम्ही बियाण्याला रायझोबियम चोळलं, ते काम तुम्हीच बंद पाडता. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे लोक बीजप्रक्रियेबद्दल सतत सांगतात, त्यामागे एवढं जीवशास्त्र आहे.

सोयाबीनमध्ये आपण अख्खा जिवाणू मातीत ठेवला, त्याच्या सगळ्या विवेकासह. पऱ्हाटीत तसं केलं नाही.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, आपला बीटी. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला. १९११ साली जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना पिठाच्या गिरणीतल्या पतंगाच्या अळीत, आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळालं. या जिवाणूला अन्न मिळत असतं तोवर तो साधा मातीतला जिवाणू असतो. अन्न संपलं की तो बीजाणू बनवायला घेतो. पेशीच्या आत पेशी तयार होते. आतली पुढे टिकणार, बाहेरची आई मरणार. मरण्याच्या वाटेवर असलेली ती आई आपल्या कोरड्या वजनाच्या वीस ते तीस टक्के एवढं एकच प्रथिन बनवते आणि त्याचा स्फटिक करते. हे जनुक बहुतांश जातींत फक्त त्याच वेळी वाचलं जातं, कारण त्याला लागणारे सिग्मा घटक बीजाणू बनतानाच आईपेशीत येतात. आई फुटते, स्फटिक आणि बीजाणू मातीत पडतात. अळीने ते खाल्लं, तिच्या आतड्याच्या आम्लारी रसात स्फटिक विरघळतो, आतड्याच्या पेशींना भोकं पडतात, अळी मरते. बीजाणू रुजतात, आणि मेलेली अळी त्यांचं अन्न होते. मरणाऱ्या पेशीने पुढच्या पिढीसाठी केलेली ही तरतूद आहे. वाढत्या, खात्यापित्या पेशीने ती केली असती तर मोठा खर्च फुकट गेला असता.

या प्रथिनाचं, क्राय-१-एसीचं, जनुक पऱ्हाटीत आलं. जिवाणूचं जनुक जसंच्या तसं झाडात नीट वाचलं जात नव्हतं. प्रथिन तेच ठेवून अक्षरांची मांडणी झाडाला रुचेल अशी बदलल्यावर उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. आणि पुढे बसवला तो फ्लॉवरच्या झाडाला होणाऱ्या एका विषाणूचा चालू-कळीचा तुकडा. हा तुकडा जनुक सतत चालू ठेवतो. पानात, खोडात, पातीत, अळी असो वा नसो. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी मंजुरी समितीने मोन्सॅन्टोच्या तंत्रज्ञानाच्या, जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. बोंडअळीवरची फवारणी खरोखर कमी झाली, उत्पादन वाढलं. हे यश नाकारणं शेतकऱ्याच्या अनुभवावर अन्याय करणं होईल.

पण 'सतत चालू' याचा अर्थ 'सतत पुरेसं' असा नव्हता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मोजमाप प्रसिद्ध केलं. प्रथिन पानांत सगळ्यात जास्त, बोंडाच्या सालीत, पातीच्या कळीत आणि फुलाच्या अंडाशयात सगळ्यात कमी. आणि झाडाचं वय वाढत जाईल तसं ते घटत जातं. ११० दिवसांच्या आसपास अळी मरेल या पातळीच्या खाली. म्हणजे जिथे बोंडअळी राहते तिथेच कमी, आणि जेव्हा बोंडं भरतात तेव्हाच कमी. जिवाणूने ज्या क्षणी सर्वस्व ओतलं असतं, त्याच क्षणी झाडाचा हात आखडतो. झाडाचा दोष नाही. त्याला त्या प्रथिनाची गरज कधी, हे सांगणारं काहीच आपण त्यात घातलं नव्हतं.

कमी मात्रेचं विष दीर्घकाळ मिळत राहिलं की कीड सोशिक होते. त्यात आपल्याकडच्या बीटी कपाशीची बियाणी संकरित. एका पालकात बीटी जनुक आणि दुसऱ्यात नसेल, तर त्या झाडाच्या बोंडातली दर चार सरक्यांतली एक सरकी बीटीविना असते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. एकाच बोंडात विषाच्या आणि बिनविषाच्या सरक्या शेजारी शेजारी. अर्धवट सोशिक अळीला तग धरायला याहून सोयीची जागा नाही. गुजरातच्या चार जिल्ह्यांत क्राय-१-एसी न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचं २०१० साली कंपनीनेच जाहीर केलं. दोन जनुकांची बीजी-२ कपाशी २००६ पासून होती. पुढच्या काही वर्षांत तिच्याही बाबतीत तेच झालं. २०१७चा हंगाम विदर्भातल्या कुणाला विसरता येणार नाही. फुलं उमललीच नाहीत, पाकळ्या गुंडाळलेल्या डोमकळ्या झाल्या, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडकी कवडी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्याची कारणं अनेक आहेत, आणि त्यांचा सगळा भार एका जनुकावर टाकणं चूक ठरेल. तरी कीटकनाशकाकडे पुन्हा वळावं लागणं ही त्या साखळीतली एक कडी होतीच.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाण्याचं पाकीट येत असे. कडेने त्याच्या ओळी लावायच्या, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, सोशिक पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि सोशिकपणा पातळ होत राहतो. ती पाकिटं बांधावर पडून राहिली. ज्याच्याकडे दोन एकर आहेत त्याने आपल्याच वावरात अळीसाठी जागा राखावी, ही अपेक्षा करणाऱ्यांनी त्याच्या हिशेबाची वही पाहिली नव्हती. ती पाकिटं टाकून देणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पण डिसेंबरपर्यंत पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करणं, पुढचं पाणी देऊन फरदड न घेणं, कामगंध सापळे लावणं, हे आज हातात आहे. फरदडीत झाड म्हातारं, प्रथिन सगळ्यात कमी आणि अळीची पिढी सगळ्यात दाट. झाडात जे नियमन नाही ते पिकाच्या वेळापत्रकात आणावं लागतं.

संशोधनाची दिशाही तिकडे आहे. अळीने पान कुरतडल्यावरच, किंवा फक्त बोंडाच्या सालीत चालू होणारे जनुकांचे तुकडे जगभरच्या प्रयोगशाळांत तपासले जात आहेत. बीटी वाणांना नुसता विरोध किंवा नुसती भक्ती यापेक्षा हा प्रश्न मला जास्त फलदायी वाटतो : प्रथिन आहे, पण त्याचा लगाम कुठे आहे?

शेवटी एक प्रस्ताव, आणि तो या तालुक्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपल्या तालुक्यात सावंगा विठोबा आहे. गुढीपाडव्याला कृष्णाजी अवधूत महाराजांच्या यात्रेत तिथे कापराचे ढीग जळतात; भाविक तोलून कापूर वाहतात. कापूर जिवाणूंना विषासारखा वाटावा असा पदार्थ. पण स्यूडोमोनास पुटिडा नावाच्या मातीतल्या जिवाणूचे काही वंश कापूर खाऊन जगतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अर्विन गन्सालस यांच्या प्रयोगशाळेत त्यावर आयुष्यभराचं काम झालं. कापराच्या रेणूत प्राणवायू बसवणारं पी-४५०-कॅम हे विकर तिथे शुद्ध झालं. आपल्या यकृतात औषधांचा निचरा करणारी विकरं त्याच्याच कुळातली, आणि त्या कुळातल्या विकराची पहिली त्रिमिती रचना याचीच मिळाली. हे विकर जिवाणू फक्त कापूर असतानाच बनवतो. कॅम-आर नावाचा रोधक डीएनएवर बसलेला असतो, कापराचा रेणू चिकटला की उठतो. मोनोच्या लॅक्टोजसारखंच. ही जनुकं मुख्य डीएनएवर नसून एका सुट्या वर्तुळावर असतात आणि ते वर्तुळ एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, हे १९७३ साली प्रसिद्ध करणाऱ्या तिघांत एक होते आनंदमोहन चक्रवर्ती, बंगालमधल्या सैंथियाचे. खनिज तेल खाणारा जिवाणू त्यांनी घडवला त्यात कापराचं हे वर्तुळही होतं, आणि त्याच जिवाणूच्या पेटंटवर १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला.

मुलांनो, सावंग्याच्या आवारातली चमचाभर माती संस्थानची परवानगी घेऊन आणा. फक्त क्षार आणि अगार घातलेल्या, साखर अजिबात नसलेल्या पेट्रीडिश करा. मातीचं पातळ केलेलं पाणी पसरा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कापराचे चार खडे ठेवा. त्याची वाफ पुरते. तशाच काही डिश कापराविना ठेवा, कारण अगारमधल्या किंचित मळावरही काही जिवाणू वाढतात आणि तुलना नसेल तर तुम्ही फसाल. जे ठिपके कापराच्या डिशमध्येच मोठे होतात ते वेगळे काढा. मग त्यातला एक वंश रात्रभर ग्लुकोजवर वाढवा आणि दुसऱ्या नळीत तोच वंश रात्रभर कापरावर. पेशी धुऊन दोन्ही नव्या कापराच्या नळ्यांत टाका, आणि कॉलेजच्या कलरीमीटरवर ६०० नॅनोमीटरला दर वीस मिनिटांनी वाचन घ्या. ग्लुकोजवरून आलेले जिवाणू किती वेळ थांबतात आणि कापरावरून आलेले किती वेळ, हे आलेखावर मांडा. दोन थांब्यांतला फरक म्हणजे नवी प्रथिनं बनवायला लागलेला वेळ. तीच नळी ३० अंशांना आणि ३७ अंशांना लावून पाहा, आणि आलेख मला पाठवा.